वाढलेलं रबर

घरात जमिनीवर कुठं रबराचं बारीक कडं दिसलं की मी अजूनही वाकून उचलते, आणि मग बाकीची शोधत बसते. नातीच्या दातांना हल्ली तारा बसवल्या आहेत. तिच्याकडे हिरव्या, निळ्या, गुलाबी कड्यांची पाकिटं असतात. ती रोज कडं बदलते आणि जुनं मांजरीच्या अंगावर उडवते. मी ओरडले की म्हणते, "आजी, एका दिवसात त्याचा जोर जातो. मग काय पूजा करू त्याची?" तिला वाटतं म्हातारीला पसाऱ्याचा राग येतो. पसाऱ्याचं मला काही नाही. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की राग येतो. हा स्वभाव बाराव्या वर्षी लागला तो गेलाच नाही.

तेव्हा आम्ही अकोल्यात राहत होतो. वऱ्हाड मध्यप्रांतात होता, दूर कुठंतरी महायुद्ध चालू होतं आणि बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये ज्वारीचा दाणा आरामात बसेल एवढी फट होती. मला तिचं काही दुःख नव्हतं. त्या फटीतून पाण्याची पिचकारी मी अंगणाच्या पार टोकाला पोचवत असे. पण 'स' म्हणताना शिटी वाजायची, आणि मी कविता म्हणायला उभी राहिले की पहिल्या बाकावरच्या पोरी त्या शिटीची वाट बघत तोंडं दाबून बसायच्या. एकदा मी त्यातल्या एकीला पाटी मारली. तक्रार घरी आली, आणि बाबांनी पाटीऐवजी फटीचा बंदोबस्त करायचं ठरवलं.

दातांचे डॉक्टर अमरावतीला होते, कलकत्त्याला शिकून आलेले. सकाळची गाडी धरायची, बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून अमरावतीच्या छोट्या गाडीत बसायचं. डॉक्टरांनी माझ्या त्या दोन दातांना पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या गोल बसवल्या. प्रत्येकीला खसखशीएवढा आकडा होता. या आकड्यातून त्या आकड्यात रबराचं कडं अडकवायचं, म्हणजे दात एकमेकांकडे ओढले जातात.

"ह्या तुह्या दातायच्या बांगड्या," डॉक्टर म्हणाले. "रबर रोज सकाळी बदलायचं. पण बांगडीशिवाय रबर नाई, समजलं? नुसत्या दाताले घातलं की ते वर चढते."

मी हसले. रबराला काय पाय असतात? डॉक्टर हसले नाहीत. चिकट काही खायचं नाही, असंही त्यांनी बजावलं, नाहीतर बांगडी निघून येईल म्हणाले.

रबर चढण्याची भीती तेव्हा कुणालाच नव्हती. काळजी वेगळीच होती. डॉक्टरांची कडी विलायतेहून यायची ती लढाईमुळे बंद झाली होती, आणि त्यांच्या डब्यातली कडी आमच्याकडचे दोन उन्हाळे खाऊन बसली होती. सकाळी घातलेलं कडं दुपारपर्यंत लोंबायला लागायचं. डॉक्टरांनी एक कडं दोन बोटांनी ताणून दाखवलं. ते ताणलं गेलं, पण परत आलं नाही.

"मास्तर, हे रबर मेलं," ते म्हणाले.

हा शब्द आमच्या ओळखीचा होता. सायकलवालाही ट्यूब ओढून बघायचा आणि हेच म्हणायचा. पण बाबांना त्यात एक प्रश्न दिसला. मरतं म्हणजे किती मरतं? कुठलं रबर आधी मरतं आणि कुठलं मागून? प्रश्न दिसला की बाबांचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

पुढच्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळे आले. डॉक्टरांची जुनी कडी, दवाखान्यातल्या तांबड्या नळीची कापलेली कडी, सायकलच्या वालट्यूबची, म्हणजे हवा भरायच्या तोटीवर चढवतात त्या बारीक नळीची कडी, आणि दागिने गाठणाऱ्या पटवेकऱ्याकडून आणलेला रेशमाचा दोरा, अशी सगळी मंडळी जमली. प्रत्येकाची दोन दोन कडी. एक कोरडं, खिळ्यांवर ताणलेलं. दुसरं काचेच्या पट्टीवर ताणून मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेलं, कारण तोंडात असतं तसंच पाहिजे. ते पेले कोमट राहावेत म्हणून चुलीशेजारच्या वैलावर ठेवलेले असत.

"माह्या वरणाची जागा तुमच्या रबरानं घेतली," आई म्हणायची.

बाबा पहिल्या दिवशी तासातासाला आणि मग रोज शाळेतून आले की कडं काढून खिळ्याला लावत, खाली शाळेतली पितळी वजनं टांगत, आणि किती वजनाला ते ठरल्या खुणेपर्यंत येतं ते बघत. सुरुवातीपेक्षा जेवढं कमी वजन लागायचं तेवढा जोर गेला असं समजायचं. मला एक गोष्ट आठवते, कारण बाबांनी ती मला दहा वेळा सांगितली. जोर सगळ्यात जास्त पहिल्या तासा-दोन तासांत जातो, मग हळूहळू. आणि ओल्या पेल्यातलं कडं कोरड्यापेक्षा लवकर हात टेकतं. दवाखान्याच्या नळीनं सुरुवात मोठ्या ऐटीत केली आणि चौथ्या दिवशी ती गळाली. डॉक्टरांचं कडं पाण्यात चिरलं. रेशीम तर ओढतच नव्हतं, नुसतं भिजून बसलं होतं.

मग दिवेलागणीला बाबा मोठ्यानं जाहीर करायचे, "आज दवाखान्याची नळी मेली!"

आई देवापाशी निरांजन लावत असायची. एकदा ती तशीच बाहेर आली. "दिवे लागणीच्या वक्ताले हे मेलं, ते मेलं काय लावलं तुमी घरात? बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणतो काय? वाढवली म्हणतो. रबरही वाढलं म्हणा."

बाबांनी क्षणभर विचार केला आणि ते खूश झाले. "बरोबर हाये तुह्यं. जोर गेला की ते लांबतेच. वाढलंच म्हनाव लागंन."

त्या दिवसापासून आमच्या घरात रबर मरायचं बंद झालं. ते वाढायला लागलं.

वाढलं नाही ते एकट्या वालट्यूबचं कडं. पहिल्या दिवशी थोडं उतरलं आणि मग हटून बसलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, बारीक कापा आणि वापरा, पण बांगडीवरच. मग बाबा रोज सकाळी पात्यानं एक कडं कापून माझ्या तळहातावर ठेवू लागले. मी न्हाणीत आरशासमोर जाऊन जुनं काढायची, नवं घालायची. पेल्यातलं एक कडं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. ते किती दिवस टिकतं ते त्यांना बघायचं होतं.

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला आईबरोबर मी पाच घरं फिरले, आणि पाचव्या घरी तिळाचा लाडू होता तो चिकीच्या गुळाचा. तिळगूळ नाही कसा म्हणायचा? समोरची बाई हात पुढं करून गोड बोलायला सांगते आहे, आणि मी सांगू की माझ्या दातांत बांगड्या आहेत? मी तो तोंडात टाकला, दात रुतले, आणि सोडवताना डाव्या दाताची बांगडी लाडवाबरोबर बाहेर आली. मी ती लाडवासकट मुठीत धरली. घरी आल्यावर गूळ चाटून काढला आणि ती कंपासपेटीत लपवली.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाबा मारणाऱ्यातले नव्हते. पण पुन्हा ती गाडी, ती खुर्ची, ते चिमटे, आणि डॉक्टरांसमोर बाबांनी माझ्या वतीनं मागितलेली माफी. ते मला नको होतं. शिवाय मी स्वतःला फार हुशार समजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडं सरळ दोन्ही दातांभोवती घातलं आणि त्यावरून ती सुटी बांगडी डिंकाचा ठिपका लावून परत चढवली. आरशात सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. बांगडी नीट बसावी म्हणून मी ती अंगठ्यानं चांगली वर दाबली.

पुढच्या सकाळी काढायला गेले तर कडं नव्हतंच. रात्री झोपेत पडलं असेल म्हणून मी नवं घातलं. त्याच्या पुढच्या सकाळी तेही नव्हतं. तिसरंही गेलं, आणि त्याही सकाळी अंथरूण झाडून ते सापडलं नाही. मी माझ्या एका मैत्रिणीला विचारलं, रबर गिळलं तर काय होतं? तिनं विचार न करता सांगितलं की ते आतड्याला गुंडाळतं आणि आतडं आवळत जातं. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी भुकेनं जेवले, आणि प्रत्येक घासाला आतडं आवळतंय का ते बघत राहिले.

चौथं कडं मी घातलं नाही. रोज बाबा कडं हातावर ठेवायचे, मी न्हाणीत जायची आणि ते काड्यापेटीत टाकायची. बाबा दात बघणार असले की तेवढ्यापुरतं एक आकड्यांत अडकवायची.

आणि तरीही फट मिटत होती.

हे मी कुणाला सांगणार होते? दातांना ओढणारं काहीच नव्हतं, मी रबर घालत नव्हते, आणि दात रोज थोडे थोडे जवळ येत होते. बाबा माझं तोंड उजेडाकडे वळवून बघायचे आणि त्यांचा चेहरा फुलायचा. आईनं तर एकदा माझ्या तोंडात साखर घातली. "पाहा, तुमच्या वालट्यूबनं काम केलं," ती बाबांना म्हणाली. ती साखर मला गिळवेना. मी स्वतःची समजूत घालायची की आधीचाच जोर शिल्लक असेल, ती तीन कडी तर कधीच वाढली असतील, कुठंतरी पडली असतील. वाढली म्हणजे संपली. संपलेल्या गोष्टीला काय भ्यायचं?

मग हिरडी लाल झाली. दातांच्या वर आत कुठंतरी ठणका लागायचा, छातीत होते तशी धडधड तिथं व्हायची. एका दुपारी वर्गात बसल्या बसल्या मी जिभेनं डावा दात ढकलला आणि तो ढळला. दुधाचा दात पडायला आला की ढळतो तसाच. पण हा दुधाचा नव्हता. हा पडला तर त्या जागी दुसरा येणार नव्हता, एवढं मला कळत होतं. मी जीभ मागं घेतली आणि तोंड घट्ट मिटलं. शाळा सुटेपर्यंत उघडलं नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाकरी दुधात कुस्करून खायची, हसायचं नाही, आणि तासातासाला जिभेनं दात आहे ना ते बघायचं. बघितलं की तो हलायचा, हलला की भीती वाटायची, भीती वाटली की पुन्हा बघायचं. जो बोलायला येईल त्याच्या अंगावर मी खेकसायची. आई म्हणाली पोरगी फार तामसी झाली.

मग एका संध्याकाळी आई माझी वेणी घालत होती. तिनं माझी हनुवटी वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अवं, तुहा डावा दात वाढल्यासारखा दिसून राहिला."

तिला साधंच म्हणायचं होतं. तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसत होता, खरोखरच खाली उतरला होता. पण आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता, तिनंच तर तो लावून दिला होता. मी तिच्या हातातून वेणी सोडवून घेतली आणि उठले.

त्याच वेळी बाबांनी स्वयंपाकघरातून हाक मारली. ते भिंतीपाशी उभे होते. पेल्यातलं ते जुनं कडं खिळ्याला लावून त्यांनी खाली वजनं टांगली होती, आणि त्यांचा आवाज आनंदानं चढला होता.

"इकडं ये, पाहा हे. दोन महिने होत आले, दिवसरात पाण्यात होतं. काई वाढलं नाई. अजून ओढून राहिलं, जितं हाये!"

मी त्या कड्याकडे बघत राहिले. ते ताणलेलं होतं, स्थिर होतं, आणि वजन धरून उभं होतं. तेव्हा मला कळलं की कुठंच काही पडलं नाही. गिळलंही नाही. डॉक्टर म्हणाले होते तसं ते चढलं आहे.

"बाबा," मी म्हणाले, "माह्या तोंडात तीन हायेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मी काड्यापेटी आणून दिली, सुटी बांगडी काढून हातावर ठेवली, लाडवापासून सगळं सांगितलं. सांगताना मी रडत नव्हते, रागानं बोलत होते, जणू हे सगळं त्यांनीच केलं होतं. बाबांनी ओठ वर करून बघितलं. बोटाच्या टोकानं डाव्या दाताला स्पर्श केला आणि हात पटकन मागं घेतला. मग ते खाली पाटावर बसले. "काहून नाई सांगतलं वं माय?" एवढंच म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. अमरावतीच्या गाडीत बाबांनी पिशवीतून मुळा काढला. आईनं भाजीला आणलेला तो मुळा त्यांनी घरून उचलून आणला होता. त्यावर त्यांनी एक कडं चढवलं, जाड बाजूला. बोट लावलं, आणि कडं आपोआप बारीक टोकाकडे घसरत गेलं. दाताचं मूळ असंच निमुळतं असतं. त्यांनी ते मला सांगितलं नाही. स्वतःच बघत होते, पुन्हा पुन्हा. रबर रोज वाढलं असतं, गळालं असतं, तर एवढं वर गेलंच नसतं. न वाढणारं रबर शोधून त्यांनीच माझ्या हातावर ठेवलं होतं. शेवटी मी तो मुळा त्यांच्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला.

डॉक्टरांनी दात हलवून बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मास्तर, दोनी दात सुटून राहिले," ते म्हणाले. "आता किती धरतात ते आत पाहिल्याबिगर सांगता येनार नाई." सुई देऊन त्यांनी हिरडी बधिर केली. पुढचं मला दुखलं नाही, पण सगळं कळत होतं. पात्याचा आवाज, चिमट्याचा गार स्पर्श, तोंडातली रक्ताची चव. पांढऱ्या ताटलीत त्यांनी एक कडं ठेवलं. बऱ्याच वेळानं दुसरं.

मग ते थांबले. "आणखी काई दिसत नाई."

"तीन म्हणाली ती," बाबा म्हणाले.

"मास्तर, महिनाभर पोरगी खोटं बोलली. तीन कशावरून? एखादं पडलंही असंन. आता जास्त खरवडलं तर दात हातात येईन."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड उघडं होतं, जीभ बधिर होती, आणि जन्मात पहिल्यांदा मला ओरडून खरं बोलायचं होतं. एक पडलं असेल का? असेलही. पण तिन्ही सकाळी मी अंथरूण झाडून बघितलं होतं, आणि आता तर मला ठाऊक होतं की ते रबर आपणहून सोडणारं नव्हतं. मी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. हात खाली आणला नाही.

"शोधा," बाबा म्हणाले.

डॉक्टर पुन्हा वाकले. मी तीन बोटं तशीच धरून होते, हात दुखायला लागला तरी. तिसरं कडं सगळ्यात वर होतं, पार मुळाच्या टोकाशी. ते ताटलीत पडलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाचा घाम पुसला. "हे राहिलं असतं तर दोनी गेले असते," ते म्हणाले.

मग त्यांनी मेण लावलेल्या रेशमाच्या दोऱ्यानं ते दोन दात आजूबाजूच्या दातांना बांधले. बाबांच्या भिंतीवर जे काहीच ओढत नव्हतं तेच रेशीम. "हे ओढत नाई, नुसतं धरून ठेवते," डॉक्टर म्हणाले. "दीड महिना बांधून ठेवू. धरले तर धरले."

घरी आल्यावर बाबांनी भिंतीतले सगळे खिळे उपटले. पेले घासून आईच्या फळीवर ठेवले. विज्ञानाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. रोज शाळेतून आले की ते हात धुवायचे, मला दारात उजेडात बसवायचे आणि बोटाच्या टोकानं आधी उजवा, मग डावा दात चाचपायचे. मग उठायचे. त्यांना काय कळलं ते मी विचारायची नाही, भीती वाटायची.

रेशीम काढून आणल्याच्या दुसऱ्या दिवशीही ते असेच दारात बसले. आता दात मोकळे होते, धरून ठेवायला काही नव्हतं. फट थोडी परत आली होती. त्यांनी डाव्या दाताला बोट लावलं आणि बराच वेळ ते तसंच ठेवलं. मग काढलं, पुन्हा लावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मले काई समजून नाई राहिलं," ते शेवटी म्हणाले. "तूच सांग, माय. दात हालून राहिला, का माह्यं बोट?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून आधी जिभेनं दात नीट ढकलून बघितला, दोनदा.

"तुमचं बोट, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण बोट थरथरतच होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि थांबेपर्यंत सोडलं नाही.